समोर बसल्याशिवाय न कळणारे गाणे

विजेची गिटार म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत आजही कपाळाला आठी पडते. कानठळ्या बसविणारा गोंगाट, डोळे दिपविणारे दिवे आणि बेभान झालेली तरुण पोरे असे एक चित्र त्या दोन शब्दांबरोबर मनात उभे राहते. त्या चित्रात काहीच तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. तथापि, याच वाद्याच्या आधाराने एका उद्ध्वस्त केल्या गेलेल्या समाजाने स्वतःला सावरले, आपले दुःख चारचौघांत मांडले आणि मांडता मांडता ते हलके केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. त्या संगीताचे नाव ब्लूज. विसाव्या शतकाच्या मध्यास शिकागो शहरात त्याला विजेच्या गिटारची जोड मिळाली आणि ‘इलेक्ट्रिक ब्लूज’ या नावाने ते जगभर गेले.

हा विषय आता केवळ सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्र ब्लूज महोत्सवास प्रारंभ झाला. पहिल्याच वर्षी शिकागोचा बुजुर्ग वादक बडी गाय तेथे वाजवून गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पुन्हा मुंबईस आला, तेव्हा त्याचे वय ८६ वर्षांचे होते. आपल्या सुशिक्षित घरांतील मुलेही तिकिटे काढून अशा कार्यक्रमांना जातात, तासन् तास उभी राहतात आणि मध्यरात्री घरी परततात. त्यांच्या आईवडिलांना पडणारा प्रश्न साधा असतो. ज्या माणसाचे सारे वादन खिशातल्या मोबाइलवर घरबसल्या ऐकता येते, त्याला प्रत्यक्ष पाहण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. ‘फॅशन’ या एका शब्दात त्याचे उत्तर देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत, आणि काहींच्या बाबतीत ते उत्तर खरेही असेल. परंतु हे संगीत जन्मले कसे आणि वाढले कसे, हे पाहिले की ध्यानात येते, समोरासमोर ऐकणे हाच त्याचा प्राण आहे. एवढे ध्यानात आले, तर परंपरा कशाने टिकते आणि कशाने जाते, याविषयीही काही गोष्टी नव्याने कळू लागतात.

उखडलेल्या समाजाचा ठेवा

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून अमेरिकेत नेलेल्या माणसांकडून काय काय हिरावले गेले, याची यादी मोठी आहे. त्यांची भाषा गेली, कुळाचे नाव गेले, दैवते गेली. एका घरातील माणसे बाजारात वेगवेगळ्या मालकांना विकली गेली. मालकाने ठेवलेले नाव आणि मालकाचाच धर्म त्यांच्या वाट्याला आला. १७३९ साली साउथ कॅरोलायना येथे गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवीत चालून गेले होते. तो उठाव मोडून काढल्यावर १७४० साली जो कायदा करण्यात आला, त्यात गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी घालण्यात आली. समाजाला एकत्र आणणाऱ्या नादाचे सामर्थ्य राज्यकर्त्यांना नेमके कळलेले असते.

ढोल गेला तरी गळा राहिला, टाळी राहिली. एकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती उचलावी, ही आफ्रिकेतून आलेली रीत राहिली. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात वाट्याने जमीन कसणारा कृष्णवर्णीय शेतकरी मालकाच्या खातेवहीत अडकलेलाच राहिला. मताचा अधिकार नावापुरता, न्यायालयात दाद नाही, झुंडीने एखाद्याचा जीव घेतला तरी विचारणारे कोणी नाही, अशा अवस्थेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी ब्लूज आकारास आले. त्याचा घाट अगदी साधा असतो. साधारणतः बारा खंडांचे एक आवर्तन आणि तीन ओळींचा बंध. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडायची आणि त्या जागेत वाद्याने उत्तर द्यायचे. दुसरे कोणी उत्तर देण्यास नसले तर हातातल्या वाद्यानेच सोबत करावी, असा तो घाट आहे.

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतून अमेरिकेच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेली. मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रल रेल्वेची गाडी थेट शिकागोस जात असे. गाठोड्याबरोबर लोकांनी गाणेही नेले. इलेक्ट्रिक ब्लूजची कथा येथून सुरू होते.

गरजेतून आलेली वीज

मॅकिन्ली मॉर्गनफील्ड हा त्या गाडीतल्या हजारो प्रवाशांपैकी एक. जग त्याला मडी वॉटर्स या नावाने ओळखते. १९४१ साली अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करणारा अॅलन लोमॅक्स क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल मळ्यावर आला, तेव्हा मडी तेथे राबत होता. लोमॅक्सने त्याच्या घरीच त्याचे गाणे मुद्रित केले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकल्यावर, आपण इतर कोणाहून कमी नाही, याची त्याला खात्री पटली. १९४३ मध्ये त्याने मळा सोडला आणि शिकागो गाठले. दिवसा मिळेल ते काम करावे आणि रात्री वाजवावे, असा क्रम सुरू झाला.

मळ्यावरच्या ओसरीत लाकडी गिटार सर्वांना ऐकू जात असे. शिकागोच्या दक्षिण भागातील गच्च भरलेल्या मद्यगृहांत ती कोणाच्याच कानी पडेना. दिवसभर पोलाद कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत राबून आलेली माणसे मोठ्याने बोलत, हसत, भांडत. त्या कोलाहलाच्या वर आवाज चढविणे भाग होते. १९४४ च्या सुमारास मडीच्या हाती विजेची गिटार आली. म्हणजे वीज येथे आली ती चैनीसाठी आलेली नाही. आपल्या माणसांपर्यंत आपला सूर पोहोचावा, एवढ्या एका गरजेपोटी ती आली.

शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर दर रविवारी मोठा बाजार भरत असे. तेथे वादक पदपथावरच ठाण मांडीत. शेजारच्या घरातून किंवा दुकानातून तार ओढून वीज घेत आणि रस्त्यावर मैफल सुरू होई. तिकीट नाही, मंडप नाही. जाता-येता माणसे थांबत आणि टोपीत नाणी टाकीत. गावाकडून कालच आलेल्या माणसाला त्या सुरांत गाव भेटत असे. १९९४ साली विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजार तेथून उठविण्यात आला.

ही मैफल बहुधा मद्यगृहांत भरत असे, हे लपविण्याचे कारण नाही. तेथे मारामाऱ्याही होत. बी. बी. किंग या थोर वादकाने आपल्या गिटारला ‘ल्युसिल’ हे नाव का दिले, याची कथा प्रसिद्ध आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधील ट्विस्ट या खेड्यात तो वाजवीत असताना दोन पुरुषांची जुंपली, ऊब यावी म्हणून पेटविलेले रॉकेलचे पिंप कलंडले आणि साऱ्या लाकडी इमारतीने पेट घेतला. बाहेर पडलेला किंग गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. ते भांडण ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले. असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्याने गिटारला तेच नाव दिले. असे वातावरण आपल्या संस्कारांना रुचणारे नाही. परंतु ज्या समाजाला प्रतिष्ठित सभागृहांची दारे बंद होती, त्याने आपली मैफल भरवावी तरी कोठे? जागा कशी होती यावरून साधनेची किंमत ठरवायची झाली, तर जगातील कितीतरी कला आपल्याला नाकाराव्या लागतील.

सूर आणि अंतर

आता या वाद्याचे थोडे तंत्र पाहू. विजेच्या गिटारमध्ये तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तारेच्या कंपनाने तेथे क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो अॅम्प्लिफायरमधून मोठा होऊन बाहेर पडतो. लाकडी गिटारचा सूर छेडताक्षणी विरू लागतो. विजेच्या गिटारचा सूर रेंगाळतो, लांबतो. त्यामुळे वादकास तार बोटाने ओढून सूर चढविता येतो, कंपित करता येतो. आपले श्रोते ज्याला मींड म्हणून ओळखतात, तिच्याशी नाते सांगणारी ही करामत. ब्लूजचे काही स्वर पाश्चात्त्य पट्टीच्या दोन घरांच्या मध्ये कोठेतरी राहतात. पियानोला ते सापडत नाहीत, ओढलेल्या तारेला सापडतात. म्हणून ही गिटार माणसाच्या गळ्यासारखी बोलू शकली.

त्या काळातील अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे असत. त्यांच्या शक्तीबाहेर आवाज वाढविला की सूर खरखरीत होत असे, घसा बसलेल्या माणसाच्या आवाजासारखा. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. वादकांनी तो गुण म्हणून स्वीकारला. लिटल वॉल्टर या वादकाने माउथऑर्गन आणि मायक्रोफोन दोन्ही एकत्र ओंजळीत धरून वाजविण्यास सुरुवात केली आणि खेळण्यात जमा होणाऱ्या त्या वाद्यातून एखाद्या मोठ्या सुषिर वाद्याचा नाद काढला. १९५२ साली निघालेली ‘ज्यूक’ ही त्याची तबकडी फार गाजली.

मैफलीला जाण्याचे पहिले कारण येथेच सापडते. गिटार अॅम्प्लिफायरच्या जवळ नेली की बाहेर पडलेला आवाज पुन्हा तारांना कंप देतो आणि सूर आपोआप वाढू लागतो. वादक दोन पावले मागे सरतो, अंगाचा कोन बदलतो आणि त्या वाढत्या सुराला आवर घालतो. म्हणजे तो ज्या खोलीत उभा आहे ती खोलीही त्या वाद्याचा भाग झालेली असते. भिंती, छत, गर्दी, यांतले काही बदलले की सूर बदलतो. शिवाय हा नाद नुसता कानाने ऐकावयाचा नसतो. तो छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो, पायाखालच्या फळ्यांतून वर चढतो. बोटभर यंत्रातून कानात सोडलेल्या ध्वनीत हे येणार कोठून? तेथे मिळते ती त्या प्रसंगाची बातमी असते. प्रसंग तेथेच, त्या खोलीतच राहून गेलेला असतो.

श्रोत्यांविना अपुरे

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. ब्लूज हे संवादाचे संगीत आहे. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवीत नसे आणि गिटार वाजविताना गात नसे. ओळ गळ्यातून निघे, उत्तर ल्युसिल देई. या दोघांच्या संवादात तिसरा भिडू म्हणजे श्रोते. ‘लाइव्ह अॅट द रीगल’ ही त्याची सर्वांत गाजलेली तबकडी २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल नाट्यगृहातील प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झाली. ती ऐकताना श्रोत्यांचे चीत्कार, हशा, मधूनच दिलेली दाद, हे सारे त्या संगीतात विणलेले जाणवते. ते वगळले तर उरलेले वादन अर्धवट वाटेल. म्हणजे त्याची उत्तम तबकडीसुद्धा मैफलीचीच साक्ष देते.

हा माणूस मैफलीसाठी किती झिजला, हेही पाहण्यासारखे आहे. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले. रोज नवे गाव, रात्रभर बसचा प्रवास. गोऱ्यांच्या खानावळीत प्रवेश नाही, मुक्कामाला हॉटेल मिळेल याची शाश्वती नाही. १९७० साली तो शिकागोच्या कुक परगण्यातील तुरुंगात कैद्यांसमोर वाजविण्यास गेला आणि पुढेही त्याने अनेक तुरुंगांत कार्यक्रम केले. वर्षाचे बहुतेक दिवस घराबाहेर राहून गावोगावी माणसांना भेटत राहणे म्हणजे काय, हे या साप्ताहिकाच्या अनेक वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

व्यासपीठावरून खाली उतरून श्रोत्यांत शिरण्याची रीतही या परंपरेत जुनी आहे. टी-बोन वॉकर गिटार डोक्यामागे धरून वाजवी. गिटार स्लिम हा वादक शेकडो फूट लांब तार जोडून वाजवीत वाजवीत श्रोत्यांमधून थेट रस्त्यावर जाई. त्याला पाहून बडी गायने तीच रीत उचलली आणि उतारवयातही सोडली नाही. यात चमत्कृती आहे, हे खरे. परंतु केवळ चमत्कृती म्हणून तिच्याकडे पाहणे चुकीचे ठरेल. ही तुमचीच गोष्ट आहे, मी ती वर उभा राहून सांगणार नाही, असे तो वादक कृतीने सांगत असतो.

चार्ली पॅटन या जुन्या जाणत्या वादकाकडे गिटार शिकलेला हाउलिन वुल्फ हा तर धिप्पाड देहाचा आणि गर्जणाऱ्या आवाजाचा माणूस. व्यासपीठावर तो गुडघ्यांवर रांगे, जमिनीवर लोळे. हाच माणूस मोठेपणी रात्रशाळेत जाऊन लिहावयास-वाचावयास शिकला, आणि आपल्या साथीदारांना बेकारी विम्याचे संरक्षण देणारा तो त्या व्यवसायातला विरळा माणूस होता. व्यासपीठावरचे बेभानपण आणि जीवनातील शिस्त एकाच माणसात नांदू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

ब्लूज म्हणजे रडगाणे, असा समज रूढ आहे. अल्बर्ट मरे या कृष्णवर्णीय लेखकाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉम्पिंग द ब्लूज’ या ग्रंथात त्याचे खंडन केले आहे. त्याच्या मते मनाला ग्रासणारी खिन्नता वेगळी आणि ब्लूज संगीत वेगळे. ते संगीत त्या खिन्नतेला पिटाळून लावण्यासाठी असते. शनिवारच्या रात्री माणसे जमत ती नाचण्यासाठी, मनावरचे मळभ झाडून टाकण्यासाठी. डाव्या विचारांची मंडळी या संगीताकडे केवळ शोषितांचा आक्रोश म्हणून पाहतात, आणि त्यात अर्धेच सत्य हाती लागते. अन्याय होता, आणि तो भयंकर होता. परंतु त्या समाजाने स्वतःला केवळ अन्यायाचा बळी मानले नाही. त्याने विनोद जपला, ऐट जपली, चांगला पोशाख करून मैफलीला जाण्याचा मान जपला. ज्याचे सर्वस्व लुटले गेले, त्याने स्वत्व असे सांभाळले.

परक्यांचे प्रमाणपत्र

या कथेतील एक पर्व आपण विशेष लक्षपूर्वक वाचावयास हवे. १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बिग बिल ब्रूंझी याला श्रोत्यांपुढे आणले गेले ते शेतावरचा साधाभोळा गडी म्हणून. वस्तुतः तो तोवर शिकागोतील मुरलेला व्यावसायिक वादक होता. पुढे युरोपातही त्याने लाकडी गिटार घेऊन तीच भूमिका वठविली, कारण श्रोत्यांना तेच ‘अस्सल’ वाटत होते. १९५८ साली मडी वॉटर्स इंग्लंडला गेला आणि त्याने विजेची गिटार पूर्ण आवाजात वाजविली, तेव्हा तेथील अनेक रसिक दचकले. त्यांना ओसरीवर बसलेला कापूसमजूर हवा होता. मडीने ते लक्षात ठेवले आणि १९६३ मध्ये तो लाकडी गिटार घेऊन गेला. तोवर तेथील तरुणांची आवड पालटली होती आणि त्यांना विजेची गिटार हवी होती!

प्रसंग विनोदी वाटतो. त्यातील मर्म मात्र गंभीर आहे. तुमच्या परंपरेत अस्सल काय आणि भेसळ काय, हे ठरविण्याचा अधिकार परक्याकडे गेला की तो तुम्हाला तुमच्याच भूतकाळात कोंडून ठेवतो. शिकागोच्या मद्यगृहात ज्यांच्यासाठी हे संगीत होते, त्यांनी विजेच्या तारेविषयी अशी हरकत घेतली नाही. आपलाच मिसिसिपीचा सूर मोठा होऊन आला आहे, हे त्यांनी ओळखले. परंपरा जिवंत असेल तर ती नवे साधन पचविते. तिचे प्राण गेले असतील तर जुने साधन सोन्याने मढवूनही उपयोग होत नाही.

याच्या पुढचा भाग अधिक बोचरा आहे. १९६० च्या दशकात खुद्द कृष्णवर्णीय तरुण या संगीतापासून दूर जाऊ लागले. त्यांना त्यात आजोबांची गुलामी आणि कापसाचे मळे आठवत. त्यांना नवे, ऐटबाज संगीत हवे होते. आपल्याच समाजातील तरुण श्रोत्यांनी आपली हुर्यो उडविली, हे दुःख बी. बी. किंगने स्वतः बोलून दाखविले आहे. त्याच सुमारास ब्रिटनमधील गोरी मुले या वादकांच्या तबकड्यांची पारायणे करीत होती. मे १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज चमूला अमेरिकी दूरदर्शनच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात बोलावले गेले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून हाउलिन वुल्फलाही बोलावण्यात आले. तो गात असताना ही मुले त्याच्या पायाशी बसली होती. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात बी. बी. किंग गेला आणि दारात लांब केसांच्या गोऱ्या तरुणांची रांग पाहून आपण चुकीच्या पत्त्यावर आलो, असे त्याला वाटले. आत पाऊल टाकताच सारे सभागृह उभे राहिले आणि त्याला अश्रू आवरेनात.

त्या अश्रूंत आनंद होता हे खरेच. तथापि, घरच्यांनी पाठ फिरविल्यावर परक्यांनी उठून उभे राहावे, यात एक सलही आहे. परक्यांचा आदर गैर नाही. इंग्रज मुलांनी आपल्या गुरूंची नावे लपविली नाहीत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु आपला ठेवा मौल्यवान आहे, हे बाहेरून कोणी सांगितल्यावर कळावे, ही अवस्था कोणत्याही समाजास भूषणावह नाही.

वारसा पुढे नेतो कोण?

सप्टेंबर १९५७ मध्ये २१ वर्षांचा बडी गाय लुइझियानाहून शिकागोस आला. काम नाही, पैसे संपलेले, परतीचा विचार मनात. अशा वेळी एका रात्री त्याचे वादन ऐकून मडी वॉटर्स भेटीस आला. पोरगा उपाशी आहे हे ओळखून त्याने आधी त्याला मोटारीत बसवून खाऊ घातले, ही आठवण बडी आयुष्यभर सांगत आला आहे. पुढे तो मडीच्या आणि त्या पिढीच्या सहवासात शिकला. कोणत्याही वर्गात नव्हे. शेजारी उभे राहून, चुका करीत, डोळ्यांच्या इशाऱ्याने सावरत. मडी १९८३ साली गेला, बी. बी. किंग २०१५ साली गेला. १९८९ साली बडीने शिकागोत स्वतःचे ‘लेजंड्स’ हे ठिकाण उघडले आणि दर जानेवारीत तेथे स्वतः वाजविण्याचा प्रघात अनेक वर्षे पाळला. आपल्याला ज्यांनी दिले, त्यांचे देणे पुढच्यांना द्यायचे आहे, ही भावना त्यामागे आहे. आपण तिला ऋण म्हणतो.

क्लार्क्सडेल येथे १९७९ साली स्थापन झालेले ब्लूजचे संग्रहालय आहे. मडी वॉटर्स स्टोव्हल मळ्यावर ज्या लाकडी झोपडीत राहत असे, तिचे अवशेष तेथे जपून ठेवले आहेत. लाकूड जपता येते, तबकड्या जपता येतात. परंतु त्या संग्रहालयाने एवढ्यावर समाधान मानले नाही. गावातील मुलांना ब्लूज शिकविण्याचे वर्ग त्याने चालविले. त्या वर्गांत शिकलेला, १९९९ साली क्लार्क्सडेलमध्येच जन्मलेला क्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्राम आज जगभर हे संगीत घेऊन फिरतो. त्याच्या ‘६६२’ या संग्रहास २०२२ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ६६२ हा त्याच्या भागाचा दूरध्वनी क्रमांक आहे. ज्या मातीतून गाडी भरून माणसे निघून गेली, त्याच मातीत पुन्हा अंकुर फुटला, तो शिकविणारा आणि शिकणारा समोरासमोर बसले म्हणून.

आपल्या देशातही या संगीताचे साधक आहेत. शिलाँगच्या रूडी वालँग आणि टिप्रिती खरबंगार यांनी २००३ साली ‘सोलमेट’ हा चमू उभा केला आणि ईशान्येतून देशभर ब्लूज नेले. परक्याची साधना मनापासून आत्मसात करणे म्हणजे आपले स्वत्व गमावणे, असे समजण्याचे कारण नाही. स्वत्व गमावले जाते ते उथळ अनुकरणाने. व्यासपीठावर कोण उभा आहे, तो कोणाचा शिष्य, त्याच्या पूर्वजांनी काय सोसले, याचा पत्ता नसताना हात उंचावून मोबाइलच्या पडद्यातून कार्यक्रम पाहणाऱ्याला ब्लूजही मिळत नाही आणि आपलेही काही उरत नाही.

म्हणून आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी अशा मैफलीला निघाली, तर आठी घालू नये. जाऊ द्यावे; जमल्यास बरोबर जावे. परतल्यावर विचारावे, त्या म्हाताऱ्याने ओळ सोडून मध्येच गिटारला बोलू का दिले? तो खाली उतरून तुमच्यात का आला? ज्याला याचे उत्तर शोधावेसे वाटेल, त्याला गावच्या देवळातील कीर्तनात टाळ धरणारे श्रोते का लागतात आणि बैठकीत पहिल्या रांगेतील जाणकाराच्या ‘वा’ने गायकाचा चेहरा का उजळतो, हे सांगत बसावे लागणार नाही. मात्र त्यासाठी ते कीर्तन आणि ती बैठक गावात चालू असली पाहिजे आणि सतरंजीवर आपण स्वतः बसलेलो असलो पाहिजे. सारे काही मुद्रित आहे, केव्हाही ऐकता येईल, या भरवशावर घरी थांबणाऱ्या समाजाकडे मुद्रणे राहतील. गाणारे मात्र राहणार नाहीत. पुढच्या मैफलीची तारीख पाहून ठेवावी आणि मुलांना घेऊन जावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.